हत्तीपायाची निगा

पायात काटा मोडला आणि तो काढण्याची हयगय झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ उठावी, ती ठणकू लागावी, अंगात कसर भरावी, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने जांघेकडे ढुंकूनही न पाहता "अवधाण आलंय, पायाला काय लागलंय ते आधी बघा," असे फर्मावावे, हा प्रकार ज्यांचे बालपण खेड्यात अनवाणी गेले आहे त्यांना नवीन नाही. दुखणे जांघेत आणि शोध मात्र बोटांच्या बेचक्यांत, या निदानामागे शरीररचनेचे केवढे ज्ञान आहे याची त्या माउलीला कल्पना नसेल. तथापि पायापासून जांघेपर्यंत जाणारी, रक्ताच्या शिरांहून निराळी अशी एक वाट शरीरात आहे आणि पायाकडचे विष त्या वाटेने चढता चढता जांघेतल्या ठाण्यावर अडवले जाते, एवढे तिला पक्के ठाऊक होते. त्या वाटेचे शास्त्रीय नाव लसीकावाहिनी आणि त्या ठाण्याचे नाव लसीकाग्रंथी. ही वाट बुजली, मोडली किंवा जन्मतःच अपुरी घडली, म्हणजे जी सूज येते आणि एकदा आली की पुरती जात नाही, तिला डॉक्टर लिंफीडिमा म्हणतात; पूर्व विदर्भात तिचे जे रूप प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिलेले असते, त्याला हत्तीपाय म्हणतात.

हृदयाच्या दर ठोक्यासरशी रक्त केसाहून बारीक वाहिन्यांत लोटले जाते, तेव्हा त्यातला पाण्यासारखा अंश त्यांच्या भिंतींतून पाझरून पेशींच्या अवतीभवती पसरतो, त्यांना अन्न पोचवतो आणि त्यांचा केरकचरा आपल्यात सामावून घेतो. हा पाझरलेला रस, त्यात उतरलेली प्रथिने आणि कातडीतून आत शिरलेले जंतू, असे सारे गोळा करून, तपासून, पुन्हा रक्ताच्या हवाली करण्याचे काम लसीकासंस्थेकडे आहे, आणि दिवसाकाठी दोन ते चार लिटर एवढा हा परतावा ती बिनबोभाट करीत असते. या खात्याला हृदयासारखा स्वतंत्र पंप मिळालेला नाही. वाहिन्यांचे स्वतःचे मंद आकुंचन, शेजारच्या स्नायूंची हालचाल आणि श्वासाबरोबर छातीत होणारा चढउतार, एवढ्या भांडवलावर तो रस थोड्या थोड्या अंतरावरच्या झडपांच्या आधाराने वर सरकतो आणि मानेच्या बुडाशी मोठ्या शिरेत जाऊन मिळतो. वाटेत पाचशे-सहाशे ग्रंथी जकातनाक्यांप्रमाणे बसलेल्या असतात. संशयित माल तेथे अडतो, झटापट होते, आणि नाका सुजतो. तेच आपले अवधाण.

या खात्याची दाद युरोपातील वैद्यांना फार उशिरा लागली. इटलीतला गास्पारे आसेल्ली हा शरीरशास्त्रज्ञ १६२२ सालच्या जुलै महिन्यात एका कुत्र्याचे पोट उघडून काही निराळेच पाहत असता, त्या जनावराने नुकतेच पोटभर खाल्लेले असल्यामुळे, आतड्यांच्या पडद्यावर पसरलेले पांढरे दोरे त्याच्या नजरेस पडले. आधी त्याला ते मज्जातंतू वाटले. एक छेदून पाहिला तेव्हा दुधासारखा रस वाहू लागला. कुत्रा उपाशी असता तर त्या वाहिन्या निर्वर्ण राहिल्या असत्या आणि आसेल्लीही त्यांना ओलांडून गेला असता.

रस्ता बंद पडला म्हणजे काय होते, हे समजून घेतले की उपचारांतले निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात. साचलेल्या रसात नुसते पाणी नसते, प्रथिने असतात. ती पाण्याला धरून ठेवतात, कालांतराने तेथे तंतू आणि मेद यांची भर पडते, आणि बोटाने दाबली असता आरंभी खळगा पडणारी मऊ सूज पुढे चामड्यासारखी टणक होते. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. पाणी निघून गेले तरी प्रथिने जागच्या जागी राहतात आणि नवे पाणी ओढून घेतात. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेऊन थकलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या लिहून देणारा दवाखाना कोणता, हे विचारण्यात आता अर्थ नाही. स्टेमर नावाच्या वैद्याने १९७६ साली घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा सांगितली आहे : पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरावी, ती धरता येत नसेल, तर सूज लसीकेची आहे असे समजण्यास हरकत नाही. चिमूट धरता आली म्हणजे मात्र भीती टळली असे नाही, कारण प्रारंभीच्या काळात ही खूण दिसेलच असे नसते.

माझी एक आत्या भंडारा जिल्ह्यात, धानाच्या मुलखात दिलेली होती. तिच्या गावाला दोन तलाव, गावाच्या मधोमध वाहणारी उघडी नाली, आणि दर चार-पाच घरांआड एखादा सुजलेला पाय, असे त्या गावाचे चित्र माझ्या मनात आहे. तलावाच्या पाण्यानेच पाय येतात, असे गावकरी म्हणत, आणि या समजुतीला मोठा प्राचीन आधार होता; कारण जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो, त्या देशांत श्लीपद विशेषकरून होते, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे. मधले प्यादे तेवढे सुश्रुताच्या दृष्टीस पडले नव्हते. ते प्यादे म्हणजे क्युलेक्स जातीचा डास, आणि त्याची अंडी घालण्याची आवडती जागा स्वच्छ तलाव नसून तीच घाण पाण्याची नाली. हा रोग ज्या कृमीने होतो आणि जो कृमी हा डास वाहून नेतो, त्याची पिले टिमथी ल्युइस याने १८७२ साली कलकत्त्यात माणसाच्या रक्तात पाहिली, आणि १८७७ साली चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने आपल्याच एका रोगी नोकराला डास चाववून, ती पिले डासाच्या पोटात वाढतात हे दाखवले. मात्र पुढे तो डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असा मॅन्सनचा ग्रह होता. डासाच्या सोंडेतूनच कृमी परत येतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडले. म्हणजे आमच्या गावकऱ्यांची चूक एका नामांकित शास्त्रज्ञानेही केलेली होती.

या कृमीची आणखी एक खोड अशी, की त्याची पिले दिवसा रक्तात सहसा सापडत नाहीत, मध्यरात्रीच्या आगेमागे सापडतात. डासाच्या भोजनाची वेळ त्यांनी बरोबर हेरलेली असते. यास्तव हिवताप-हत्तीरोग खात्याचे लोक कंदिलांच्या काळापासून रात्री दारे ठोठावून बोटांतून रक्त घेत आले आहेत, आणि गावोगाव त्यांनी खाल्लेल्या शिव्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. डीईसी या औषधाचा गुण त्यापूर्वी आठ वर्षे, १९४७ साली, कळून चुकला होता. २००४ सालापासून गोळ्या घरोघर वाटण्यात येऊ लागल्या, आणि डीईसी, अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन या तीन औषधांची एकत्र मात्रा देशात प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत देण्यात आली, त्यांत नागपूर होते. या गोळ्यांचे काम रक्तातली पिले मारून पुढची लागण तोडणे हे आहे. ज्याचा पाय आधीच आला आहे त्याच्या वाहिन्यांच्या झडपा मोठ्या कृमींनी कधीच निकामी केलेल्या असतात, आणि गोळी खाऊन त्या पुन्हा उभ्या राहत नाहीत. हे नीट न समजावल्यामुळे दोन्हीकडून घात होतो : सुजलेला पाय असलेला मनुष्य गोळीने पाय उतरला नाही म्हणून चिडतो, आणि धडधाकट मनुष्य मला कोठे हत्तीपाय आहे म्हणून गोळी उशाशी ठेवून देतो.

आत्याचा पाय चाळिशीच्या सुमारास आला. सुजेपेक्षा तिला भय वाटे ते तापाचे. वर्षातून चार-पाच वेळा, आणि विशेषतः आषाढ-श्रावणात, संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येई, पाय तांबडालाल आणि तव्यासारखा गरम होई, जांघेत गाठ येई, पाच-सहा दिवस अंथरुणाला खिळावे लागे, आणि ताप उतरल्यावर पाय पूर्वीपेक्षा बोटभर जाड झालेला असे. रोवणीचे मजुरीचे दिवस असे बुडत. कृमी खवळला म्हणजे असे होते, अशी केवळ तिचीच नव्हे तर कित्येक डॉक्टरांचीही समजूत होती. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात जेरुसा ड्रेयर या वैद्य बाईंनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रोग्यांचे पाय अक्षरशः बोट बोट तपासून दाखवून दिले, की या तापांपैकी बहुतेक ताप कृमीचे नसून साध्या जंतूंचे असतात, आणि ते जंतू बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून आत शिरतात. निरोगी पायात शिरलेला जंतू जांघेच्या नाक्यावर अडतो आणि अवधाणावर भागते. सुजलेल्या पायात नाक्याकडे जाणारा रस्ताच बंद असल्याने तो जंतू साचलेल्या रसात मनमुराद पोसला जातो, आणि प्रत्येक तापागणिक उरलासुरला रस्ताही उखडून टाकतो.

बेचक्यांतल्या त्या भेगांना मराठीत जो शब्द आहे तो रोवणी करणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी असतो : चिखल्या. दिवसभर चिखलात उभे राहून बोटांमधली कातडी पांढरी पडते, सोलते, रात्री आग होते, आणि त्यावर मेंदी थापून बाया दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उतरतात. चिखल्यांना दुखणे म्हणून कोणी मोजत नाही. मला तर असे वाटते, की आषाढातल्या चिखल्या आणि श्रावणातला ताप यांची सांगड घालून देणे, हे हत्तीपायाच्या उपचारातले सर्वांत मोठे काम आहे, आणि ते करण्यास इस्पितळ लागत नाही.

एके वर्षी आशाताई आत्याकडे सरकारी सरंजाम घेऊन आली : एक टब, एक मग, साबणाची वडी, टॉवेल आणि मलमाची नळी. आत्याने तो टब उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बालटी का माह्या घरी नाही? पाय धुतल्यानं हत्तीपाय जाते का बापा?" आशाताई शहाणी होती. तिने उत्तर दिले नाही. "आजी, आज मी धुतो, उद्या तुम्ही धुवा," एवढेच म्हणून ती आत्याच्या पायाशी बसली. मी त्या दिवशी तेथे होतो आणि प्रथमच तो पाय जवळून पाहिला. घोट्यावर कातडीच्या दोन जाड वळ्या एकमेकींवर टेकल्या होत्या, त्यांच्या मधल्या फटीत हवा कशी ती कधी गेलीच नव्हती, आणि तेथून जो वास येई त्यामुळे आत्या लग्नकार्यात मांडवाच्या कडेलाच बसत असे, हे मला त्या क्षणी उमगले. आशाताईने पाणी कोमटाहूनही थंड केले, कारण सुजलेल्या कातडीला पोळल्याचे लवकर कळत नाही. साबण पायावर न घासता हातावर फेस करून तिने तो वरून खाली लावला. वळ्या बोटाने उघडून आत फडक्याची पातळ घडी फिरवली. मग एकेक बेचकी. ब्रश नाही, दगड नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तिने मगामगाने पाय धुतला, आणि दुसराही, चांगला, पाय तसाच धुतला. पुसणे हे तिने धुण्याहून अधिक वेळ चालवले : टॉवेल टिपकागदासारखा दाबायचा, रगडायचा नाही, आणि बेचक्यांतून धुवट लुगड्याची चिंधी ओढून तिथला ओलावा पार काढायचा. चौथ्या बोटाच्या फटीत एक बारीकशी भेग होती. तिच्यावर बुरशीचे मलम लागले. या साऱ्याला वीसएक मिनिटे लागली असतील, आणि एवढा वेळ त्या पायाकडे, आत्या धरून, कोणीच पूर्वी पाहिलेले नव्हते.

त्यानंतर खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा गेल्या, जेणेकरून रात्रभर पाय छातीहून उंच राहावा. हृदयाचे दुखणे असणाऱ्याने मात्र हे डॉक्टरांना विचारून करावे. बसल्या बसल्या घोटा फिरवणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, हे व्यायाम आले, कारण ज्या खात्याला पंप नाही त्याला पोटरीचाच आधार. अनवाणी चालणे बंद झाले. ताप आला तर मात्र व्यायाम, पट्टी, चोळणे सगळे थांबवावे, गार पाण्याची फडकी ठेवावीत, आणि वेळ न दवडता डॉक्टरांकडून प्रतिजैविक घ्यावे, असा आशाताईचा सक्त हुकूम होता.

सूज प्रत्यक्ष कमी करावयाची तर पुढची पायरी पट्ट्यांची. फॉन विनिवार्टर या शल्यविशारदाने १८९२ सालीच दाब, मर्दन आणि व्यायाम यांचा मेळ सांगून ठेवला होता; मर्दनाची सूक्ष्म रीत एमिल व्होडर या डेनिश गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकात बसवली; आणि फोल्डी दांपत्याने जर्मनीत या सर्वांची एक शिस्तबद्ध चिकित्सा बांधली. नागपुरातल्या एका इस्पितळात मी हे मर्दन पाहिले तेव्हा मला आश्चर्य वाटले, की सूज पायाला असून उपचार करणाऱ्या बाईंनी आरंभ गळ्यापाशी केला, मग पोटावर दीर्घ श्वास घेववले, मग जांघ, मग मांडी, आणि पोटरीला हात लावला तो सर्वांच्या शेवटी. कारण विचारता त्या म्हणाल्या, "तुम्ही शेतकरी ना? पाटात पाणी सोडण्याआधी पुढचा गाळ काढता की नाही?" आणि हा हात इतका हलका, की कातडी तेवढी सरकावी, पैलवानी मालिशीचा येथे उपयोग नाही.

मर्दनानंतर कापसाचे अस्तर, आणि त्यावर पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत थरावर थर पट्ट्या, घोट्याशी दाब अधिक आणि वर कमी होत जाणारा. मुरगळलेल्या पायाला आपण जी ताणाची क्रेप पट्टी बांधतो ती येथे चालत नाही : ती निजलेल्या माणसाचा पाय आवळते आणि चालणाऱ्याच्या स्नायूपुढे माघार घेते. या रोगात कमी ताणाची पट्टी लागते, जी विश्रांतीत सैल वाटते आणि चालताना भिंतीसारखी उभी राहते; स्नायू तिच्यावर आपटतो आणि रस वर ढकलला जातो. दोन ते चार आठवडे असे रोज केल्यावर पाय जेवढा उतरतो, तेवढ्या मापाचा दाबाचा मोजा मग जन्माचा सोबती होतो, आणि तोही सहा महिन्यांत सैलावून बदलावा लागतो. मोज्यात विलंब झाला तर सूज आपली वतने परत घेते. ज्याच्या पायातले रक्ताभिसरण मंद आहे अशा मधुमेह्याने पट्टी आपल्या मनाने बांधू नये. केरळातील कासरगोड येथील उपयोजित त्वचारोग संस्थेने याच पट्ट्यांना आयुर्वेदातले काढे, तेल आणि योगासने यांची जोड देऊन हत्तीपायाच्या रोग्यांवर जे काम केले आहे ते मला महत्त्वाचे वाटते. खेड्यातल्या माणसाला जे परके वाटत नाही, तेच तो वर्षानुवर्षे करतो. शस्त्रक्रियाही निघाल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली लसीकावाहिनी शिरेला जोडून देण्याइतकी हातोटी काही शल्यविशारदांनी साधली आहे; परंतु ती निवडक रोग्यांसाठी, आणि त्यानंतरही मोजा बहुधा सुटत नाही.

ही सूज पायाचीच, आणि कृमीचीच, असे मात्र नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागतात, कधी तेथे किरणोपचारही होतात, आणि मग महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, त्या बाजूचा हात जड होऊ लागतो. ज्यांच्या काखेतल्या ग्रंथी पुष्कळशा काढाव्या लागल्या, अशा साधारण पाच बायांमागे एकीला हे होते. पहिली खूण मोजपट्टीला कळण्याआधी बांगडीला कळते : कालपर्यंत सहज चढणारी बांगडी कोपराकडे अडते, पोलक्याची एकच बाही दंडाला आवळते. अशा बायांना पूर्वी जड उचलू नका, हात वापरू नका, असे जन्मभराचे निर्बंध घातले जात, आणि पाण्याची कळशी दुसऱ्याकडून भरून घेणे ज्यांना परवडत नाही त्यांनी ते पाळावेत कसे, हे सांगायला कोणी थांबत नसे. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायांचा हात अधिक सुजला नाही, उलट सुजेचे उठाव कमी झाले, असे आढळले. निर्बंध लवकर छापले जातात, ते उठवल्याची वार्ता मात्र पायीच चालत येते. आता काखेतली पहिली एक-दोन पहारेकरी ग्रंथीच तपासून, ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या जागच्या जागी राहू देण्याची पद्धत रूढ होत चालल्यामुळे, या सुजेचे मूळच अनेकींच्या बाबतीत टळते.

आत्याने नागपूरच्या पट्ट्या एकदा केल्या. मोजा उन्हाळ्यात तिला सोसेना, हिवाळ्यात ती घाली. पाय धुण्यात मात्र तिने एका रात्रीचाही खंड पडू दिला नाही. मोजपट्टी तिला वाचता येत नसे, म्हणून कोनाड्यात तिने एक सुतळी ठेवली होती, आणि दर अमावस्येला घोट्यावर चार बोटे सोडून ती गुंडाळून जेथे टोक टेकेल तेथे गाठ मारी. पहिल्या वर्षीच्या गाठी टोकाच्या जवळ होत्या. पुढच्या आत आत सरकत आल्या. दुसऱ्या वर्षी ताप एकदाच आला, तिसऱ्या वर्षी आलाच नाही. गेल्या खेपेस मी गेलो ते नेमके रोवणीच्या हंगामात, आणि सुतळी पाहिली तर नवी गाठ मागच्या गाठीच्या बाहेर, चांगली दोन बोटे. मी काही बोलण्याआधीच तिने ती माझ्या हातून घेतली, कोनाड्यात टाकली, आणि टबात पाय ठेवीत म्हणाली, "रोवना सरला का बसते मांग. तू साबन दे इकडं."